पुडी सोडा, सांधा दाखवा

किल्लारी, औसा, निलंगा, लोहारा, उमरगा या पट्ट्यात सोयाबीनची काढणी उरकली की दवाखान्याच्या ओट्यावर गुडघे धरून बसलेली माणसं वाढतात. बहुतेकांचं म्हणणं एकच असतं, "वात आलाय, गोळी द्या." पण त्या ओट्यावरच्या पाच जणांचे आजार पाच असू शकतात. एकाचा गुडघा झिजलेला असतो, एकीच्या बोटांत आमवात असतो, कुणाचं युरिक ॲसिड वाढलेलं असतं, कुणाला चिकुनगुन्या होऊन गेलेला असतो, आणि कुणाचा १९९३ च्या भूकंपात मोडलेला पाय आता त्रास द्यायला लागलेला असतो. या पाचही जणांना एकच पुडी चालेल असं आपण धरून चालतो आणि त्यात वर्षं जातात. गेलेला सांधा मग परत येत नाही. म्हणून ही विनंती.

पहिली तपासणी घरीच करता येते. सकाळी उठल्यावर सांधे किती वेळ आखडलेले राहतात ते घड्याळात बघा. चार पावलं टाकली, दहा-पंधरा मिनिटं गेली की मोकळे होत असतील, आणि दुखणं दिवसभराच्या कामानंतर, पायऱ्या चढताना, उकिडवं बसून उठताना वाढत असेल, तर बहुधा तो झिजेचा संधिवात आहे. उलट अर्धा तास, तासभर, कधी पार दुपारपर्यंत मूठ वळत नसेल, दोन्ही हातांच्या बोटांची मुळं आणि मनगटं सारखीच सुजत असतील, हालचाल केल्यावर थोडं बरं वाटत असेल, अंगात कणकण आणि थकवा असेल, तर आमवाताची शंका घ्यायला हवी. हा म्हातारपणाचा आजार नव्हे. तो बायकांना पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट होतो आणि बऱ्याचदा तिशी ते पन्नाशीत, म्हणजे ऐन कामाच्या वयात गाठतो.

पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला १९९६ पासून डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन सांध्यांच्या दुखण्याची पाहणी केली. चार हजारांवर प्रौढ माणसं विचारली, तपासली. शंभरातल्या अठरा जणांना हाडा-सांध्यांचं, स्नायूंचं काही ना काही दुखणं निघालं. आमवात निघाला साधारण दोनशेंत एकाला. आकडा लहान वाटतो, पण त्या हिशेबाने दोन हजार प्रौढांच्या गावात असे दहा जण असणार, आणि त्यातल्या बहुतेक बायका. यांचंच निदान सगळ्यात उशिरा होतं. सून सकाळी पिठाचा गोळा मळू शकत नाही, अंगण झाडू शकत नाही, आणि घरात तिला कामचुकार म्हटलं जातं. दुपारी तीच शेतात खुरपताना दिसते, त्यामुळे तिच्यावर कुणाचा विश्वासही बसत नाही. सासूबाई, जाऊबाई, नवरे मंडळी, तुम्हाला हात जोडून सांगतो, सकाळी न वळणारी मूठ हे आळसाचं लक्षण नाही. सहा आठवडे सूज टिकली तर तिला घेऊन दवाखान्यात जा. आमवातात पहिले काही महिने सोन्याचे असतात. तेव्हा योग्य औषध मिळालं तर बोटं वाकडी होण्यापासून वाचतात.

मग प्रश्न येतो, "रक्तात आरए निगेटिव्ह आलंय, म्हणजे आमवात नाही ना?" तसं नसतं. आरए फॅक्टर ही रक्ततपासणी निगेटिव्ह असूनही आमवात असतो, आणि पॉझिटिव्ह असूनही नसू शकतो. निदान डॉक्टरांनी सांधे दाबून, बघून आणि तुमचं बोलणं ऐकून होतं. कागद त्याला आधार देतो, एवढंच.

आमवातावरचं सगळ्यात जास्त वापरलं जाणारं औषध म्हणजे मेथोट्रेक्सेट. ते स्वस्त आहे, जुनं आहे, आणि नीट घेतलं तर फार उपयोगी आहे. पण ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. हे वाक्य घरातल्या प्रत्येकाला पाठ करून ठेवा. चुकून रोज घेतलं तर रक्त तयार होणं बंद पडतं, तोंडात फोड येतात, जीवही जातो. एक वार ठरवा, पाकिटावर पेनाने लिहून ठेवा, आणि म्हाताऱ्या माणसाला गोळी देण्याची जबाबदारी घरातल्या एकानेच घ्या. सोबत दिलेली फॉलिक ॲसिडची गोळी चिठ्ठीत लिहिलेल्या दिवशी घ्यायची, ती टाळू नका. गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नका. ठरलेल्या मुदतीला रक्त तपासून यकृत, मूत्रपिंड आणि पेशी बघाव्या लागतात. दारू चालत नाही. मूल हवं असेल तर डॉक्टरांशी बोलून किमान तीन महिने आधी हे औषध थांबवावं लागतं, त्यामुळे लग्न ठरलेल्या मुलीने ही गोष्ट लाजून लपवू नये.

"या गोळ्या जन्मभर का?" रक्तदाबाच्या, साखरेच्या गोळ्या आपण वर्षानुवर्षं घेतो, तसंच हे बऱ्याच जणांना लांबपर्यंत चालू ठेवावं लागतं. आजार शांत राहिला तर डॉक्टर मात्रा कमी करतात. आपल्या मनाने मात्र कमी करायची नाही.

आता पुडीबद्दल. बाजारात, जत्रेत, कुणाच्या घरून, कुणाच्या ओळखीने मिळणारी, नाव नसलेली पुडी किंवा काळी गोळी दोन दिवसांत चमत्कार करते. पलंगावरचा माणूस उठून चालू लागतो. असा झटपट गुण बऱ्याचदा त्यात मिसळलेल्या स्टेरॉइडचा असतो. स्टेरॉइड हे वाईट औषध नाही, डॉक्टर ते मोजून-मापून, ठरावीक काळासाठी देतात. न मोजता वर्षभर पोटात गेलं की तोंड गोल होतं, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटून ते आतून मरतं. सूज दबते, आजार मात्र आत चालूच राहतो. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. बरेच दिवस घेतलेली पुडी एका झटक्यात बंद करू नका, त्याने माणूस कोसळू शकतो. उरलेली पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा, खरं सांगा. ते रागावले तरी सांगा.

मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्यांचंही तेच. डायक्लोफेनॅकसारखी गोळी चार दिवस घेणं वेगळं आणि चार महिने घेणं वेगळं. पोटात जखम होते, रक्तदाब चढतो, मूत्रपिंडं खराब होतात. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात उन्हात काम, पाणी कमी, आणि वर ही गोळी, म्हणजे मूत्रपिंडावर तिहेरी मार.

किल्लारीकरांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी भूकंपात आपली माळवदाची घरं बसली. जाड दगडी भिंतींखालून जी माणसं जिवंत निघाली, त्यातल्या कित्येकांचे पाय, गुडघे, घोटे, खुबे मोडलेले होते. हाडं जुळली, माणसं कामाला लागली, नव्या गावात गेली. तेव्हा विशी-पंचविशीत असलेली ती पोरं आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. सांध्यात गेलेलं फ्रॅक्चर जुळलं तरी आतला गुळगुळीत पृष्ठभाग पूर्ववत होत नाही. जात्याची तळी उंचसखल झाली की ती लवकर झिजते, तसा तो सांधा दहा, वीस, तीस वर्षांनी झिजतो. त्यामुळे एकाच पायाचा गुडघा किंवा घोटा दुखत असेल, तर डॉक्टरांना भूकंपातली दुखापत आवर्जून सांगा. "ते जुनं झालं" म्हणून गप्प बसू नका. आत सळई, प्लेट, स्क्रू असतील तर तसं सांगा, जुना एक्स-रे सापडला तर घेऊन जा. हाडाला कधी पू झाला होता का, हे तर सांगायलाच हवं, कारण पुढे ऑपरेशन करायची वेळ आली तर सगळा बेत त्यावर ठरतो.

"गुडघा झिजलाय, मग चालायचं का बसून राहायचं?" चालायचं. सपाट रस्त्यावर, झेपेल एवढं. मांडीचे स्नायू मजबूत असले की गुडघ्यावरचा भार हलका होतो. खाटेवर पाय लांब करून बसा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, गुंडाळी दाबत पाय ताठ करा, मनात दहापर्यंत मोजा, सोडा. असं दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. महिनाभर नेमाने केल्याशिवाय उपयोग नाही असं म्हणू नका. वजन एक किलो उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची असते, बहुतेक जण उलटी धरतात. उकिडवं बसणं आणि मांडी घालणं कमी करा. कमोडची खुर्ची दुकानात मिळते, ती आणण्यात कमीपणा कसला? भाजी निवडताना, कपडे धुताना उंच स्टूल घ्या. आखडलेल्या सांध्याला शेक द्या, लाल-गरम सुजलेल्याला थंड पट्टी.

वांगं, हरभऱ्याची डाळ, ताक, दही वाताचं म्हणून सगळं सोडायचं का? झिजेच्या दुखण्यात किंवा आमवातात यांनी सांधा बिघडतो असं नाही. एखादी गोष्ट खाल्ल्यावर तुम्हाला नेमाने त्रास होत असेल तर ती टाळा, पण भाकरी-वरण-दूध सोडून अंग सुकवू नका. पथ्य खरं लागतं ते युरिक ॲसिडच्या दुखण्यात. रात्री अचानक पायाच्या अंगठ्याचं मूळ लाल होऊन चादरीचा स्पर्शही सोसत नाही, तेव्हा दारू आणि काळीज-वजडी बंद. कॅल्शियमच्या गोळीने संधिवात बरा होत नाही. बिडी ओढणाऱ्यांना मात्र सांगतो, आमवाताचा धोका तिने वाढतो.

ताप येऊन गेला आणि नंतर महिनोन्‌महिने सांधे धरले, तर चिकुनगुन्या आठवा. १९७३ साली शेजारच्या बार्शीत त्याची मोठी साथ आली होती, २००६ साली आपल्या लातूर, बीड, धाराशिव भागात. बहुतेकांचं दुखणं हळूहळू ओसरतं, काहींचं आमवातासारखं टिकतं, त्यांनी दाखवावं. नांदेडच्या किनवट भागात बोअरच्या पाण्यातलं फ्लोराइडही पाठ आणि सांधे आखडवतं. तिथे गोळीआधी पाणी तपासा.

एकच सांधा एकाएकी लाल, गरम, टम्म सुजला आणि थंडी-ताप आला, तर रात्र काढू नका. सांध्यात पू झाला असेल तर दोन-तीन दिवसांत सांधा जातो. १०८ ची रुग्णवाहिका बोलवा.

कुठे जायचं? आधी किल्लारीचं ग्रामीण रुग्णालय. आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. तिथून लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था, अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ महाविद्यालय, नांदेडच्या विष्णुपुरीला डॉ. शंकरराव चव्हाण महाविद्यालय.

गुडघा बदलायचा सल्ला मिळाला तर घाबरू नका, घाईही करू नका. रात्रीची झोप उडाली, घरातल्या घरात चालणं अवघड झालं, व्यायाम-औषधाने भागेना, तेव्हा ते ऑपरेशन उपयोगी पडतं आणि बसवलेला गुडघा बहुतेकांचा पंधरा-वीस वर्षं चालतो. कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर केंद्र सरकारने ऑगस्ट २०१७ पासून मर्यादा घातली आहे, तेव्हा बिलात गुडघ्याची किंमत वेगळी लिहून मागा. जमीन विकायला काढण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड आणि आधार दाखवा, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तुमचं ऑपरेशन बसतं का ते विचारा, आणि तो "नाही" म्हणाला तर कोणत्या रुग्णालयात बसतं हेही विचारूनच उठा.