मुलगेही वयात येतात

मुलगी दहा-अकरा वर्षांची झाली की घरातील बायकांची कुजबुज सुरू होते. अर्धवट का होईना, आई, मावशी, आत्या यांपैकी कोणीतरी तिला काही सांगते. त्याच घरातील मुलाला मात्र कोणी चकार शब्द सांगत नाही. 'त्यात सांगायचे काय? कळते आपोआप,' असे वडील म्हणतात. कळते हे खरे; पण ते एस. टी. स्टँडजवळच्या भिंतीवरील 'गुप्तरोगावर खात्रीशीर इलाज' वाचून, आणि आता मोबाईलवर.

मुलाच्या ओठांवर मिसरूड दिसले म्हणजे तो वयात येऊ लागला, असा आपला समज आहे. प्रत्यक्षात ही खूण बरीच उशिरा येते. नऊ ते चौदा वर्षांच्या दरम्यान मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीकडून इशारा मिळतो आणि वृषणांची वाढ सुरू होते. हा पहिला बदल घरात कोणाला दिसत नाही. पुढे जांघेत केस येतात, उंची झपाट्याने वाढते, स्वरयंत्र मोठे झाल्याने आवाज फुटतो. म्हणजे आपले लक्ष जाईपर्यंत मुलगा एकट्याने एक-दोन वर्षे काढून मोकळा झालेला असतो.

या काळात झोपेत वीर्यस्खलन होते. त्याला आपण 'स्वप्नदोष' म्हणतो. यात दोष कोणता? भरलेल्या माठातून पाणी पाझरावे इतकी ती साधी गोष्ट आहे. वीर्य रक्तापासून आटवून तयार होत नाही. त्याचा बहुतेक भाग शुक्राशय व प्रोस्टेट या ग्रंथींचा स्राव असतो. तरीही 'धातू जातो, अशक्तपणा आला' म्हणून खालच्या मानेने येणारी मुले दवाखान्यात नेहमी दिसतात. त्यातल्या काहींनी आधीच कुठल्याशा पुड्यांवर पैसे घालवलेले असतात. अशा जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. भिंती मात्र रंगलेल्याच आहेत!

साधारण निम्म्या मुलांना या वयात छातीला थोडी सूज येते. संप्रेरकांचा तोल बदलल्याने असे होते व बहुधा एक-दोन वर्षांत ती ओसरते. तोवर तो मुलगा कोणासमोर शर्ट काढत नाही आणि मित्र त्याला चिडवून हैराण करतात.

मुलींत आठ ते तेरा या वयात स्तनांची वाढ सुरू होते. ती पुष्कळदा एकाच बाजूने होते, आणि 'गाठ तर नाही ना?' म्हणून आई घाबरून धावत येते. त्यानंतर दोन-अडीच वर्षांनी पाळी येते. तेव्हा मुलीला सांगायचे ते त्या मधल्या काळात सांगावे. शाळेत डाग पडल्यावर नव्हे. पहिली दोन वर्षे पाळी मागेपुढे होते. त्यासाठी गोळ्यांची घाई नको. काळजी करायची तर रक्ताची करा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. चार दिवस तिला बाजूला बसवण्यापेक्षा तिच्या ताटात पालेभाजी, डाळ, अंडे वाढावे. अंडे फक्त भावासाठी, हा कुठला न्याय?

मुलीत आठच्या आधी किंवा मुलात नऊच्या आधी बदल दिसले, तसेच मुलीत तेरापर्यंत व मुलात चौदापर्यंत काहीच सुरू झाले नाही, तर डॉक्टरांना दाखवावे. पंधरा पूर्ण होऊनही पाळी आली नाही तरीही दाखवावे.

मुलाशी बोलायला आणखी एक कारण आहे. या वयात कधी कधी वृषणाला पीळ पडतो. अचानक असह्य दुखते, उलट्या होतात. लाजेपोटी मुलगा 'पोटात दुखतंय' एवढेच सांगतो आणि घरचे ओवा देतात. पीळ सुटायला साधारण सहा तासांची मुदत असते. त्यानंतर वृषण वाचण्याची शक्यता भराभर कमी होते. तेथे दुखले तर रात्री दोनलाही मला उठव, असे वडिलांनी मुलाला आजच सांगून ठेवावे.