विरळ वस्ती कुणाची, जमीन कुणाची?

तानसा-भातसाच्या काठाला आता नवी भाषा आलीय. साहेब आणि प्लॉटवाले म्हणतात, तलाव नाजूक आहे, इथं विरळ वस्तीच बरी, एकरी एकच बंगला. ऐकायला गोड. पण हिशेब करा. आमचा अख्खा पाडा दोन एकरांत मावतो. त्यांच्या वीस कुटुंबांना वीस एकर लागतात, ते पण शनिवार-रविवारपुरते! (बाकी दिवस राखणदार आमचाच पोरगा.) प्रत्येकाची बोअर वेगळी, पोहायचा हौद वेगळा, संडासाची टाकी वेगळी आणि भोवती तारेचं कुंपण. गुरांची वाट बंद, पाणवठा बंद. यात तलाव कुठं वाचला?

तानसाचं पाणी १८९२ पासून मुंबईला जातंय. आणि शहापूर तालुक्यातल्या आमच्या बाया वैशाखात टँकरची वाट बघतात.

आदिवासीची जमीन सरकारी मंजुरीशिवाय बिगर-आदिवासीला विकता येत नाही, महसूल कायदा कलम ३६-अ. म्हणून तर दलाल विसार देऊन कुलमुखत्यारपत्रावर अंगठा मागतो. देऊ नका. १९९६ चा पेसा कायदा सांगतो, जमीन जाऊ न देणं आणि बेकायदा गेलेली परत आणवणं ग्रामसभेच्या हाती हवं. ज्यांचा अंगठा आधीच गेलाय त्यांनी सातबारा घेऊन येत्या ग्रामसभेला या. अर्ज तिथंच लिहू.