साचा भाषा विचारत नाही, काउंटरवाला विचारतो!



मी चवथी शिकलेला माणूस. दिवसा साच्यावर उभा राहतो, संध्याकाळी युनियनच्या पावत्या फाडतो. मोठे शब्द मला येत नाहीत. पण एक मोठा शब्द आता आपल्या दारात येऊन उभा राहिला आहे. सेवाक्षेत्र! म्हणजे हॉटेल, बँक, दुकान, फोनवर बोलायची कचेरी. शहाणे लोक सांगतात, आधी शेती, मग कारखाना, मग सेवा. ही प्रगतीची शिडी आहे, गिरणी गेली म्हणून रडू नका. मी म्हणतो, शिडी चढायला लागला तोच माणूस वर पोचला पाहिजे. इथं खालच्याला ढकलून देतात आणि वर दुसऱ्यालाच बसवतात!

पुरावा पाहिजे? मॉरिशसचा घ्या. समुद्रातलं बेट, वस्ती मुंबईच्या दहाव्या हिश्श्याएवढी. 19व्या शतकात आपल्या कोकणातली माणसंसुद्धा करारावर तिथं उसाच्या मळ्यांत राबायला गेली. त्यांची नातवंडं-पतवंडं आजही तिथं गणपती बसवतात आणि त्या दिवशी साऱ्या देशाला सुट्टी असते. 1968 साली देश स्वतंत्र झाला तेव्हा तिथली निर्यात जवळजवळ सगळी साखरेची होती आणि बेकारी घरोघरी. 1970 साली सरकारनं कायदा केला आणि निर्यातीच्या कारखान्यांना सवलती दिल्या. हाँगकाँगचे शेट धावत आले. काय म्हणून? हाँगकाँगच्या कपड्यावर श्रीमंत देशांनी कोटा बांधला होता, मॉरिशसच्या मालाला मात्र युरोपचं दार उघडं होतं. कपडे शिवायचे कारखाने भराभरा निघाले. शिवणाऱ्या बहुतेक बाया. 2000 सालाच्या सुमारास या कारखान्यांत जवळजवळ 90 हजार माणसं होती.

मग 1 जानेवारी 2005 ला जगातले कोटे उठले. चीनचा स्वस्त माल सगळीकडे मोकळा झाला. शेट त्याच्या आधीपासूनच गाशा गुंडाळत होते. पाच वर्षांत 90 हजारांचे 70 हजारसुद्धा उरले नाहीत. आता सांगा, हा काय पाऊस होता आपोआप पडायला? कोटा माणसांनी बांधला, माणसांनीच उठवला. बायांना विचारलं कुणी?

त्याच दिवसांत तिथं हॉटेलं वाढली, बँका वाढल्या, एबेन गावी संगणकाची कचेऱ्यांची नगरी उभी राहिली. आज तिथले दहापैकी सुमारे सातजण सेवेच्या धंद्यात आहेत. आकडा बघून शहाणे टाळ्या वाजवतात. पण कारखान्यातून निघालेली बाई त्या खुर्चीवर बसली काय? खुर्चीच्या वाटेत भाषेचं फाटक होतं! घरी लोक क्रिओल बोलतात, शाळेची पुस्तकं इंग्रजीत, कचेरीचा रुबाब फ्रेंचचा. जी पोर परक्या भाषेमुळं शाळेत मागं पडली, तिला शिलाई यंत्रानं घेतलं. यंत्र भाषा विचारत नाही. हॉटेलचं टेबल आणि फोनची कचेरी आधी भाषाच विचारते. क्रिओल भाषा प्राथमिक शाळेत विषय म्हणून आली ती 2012 साली. तोवर कारखान्यांची दारं बंद होऊन गेली होती!

खरं ते खरं म्हणावं. तो देश भिकेला लागला नाही. 1977 पासून हायस्कूलपर्यंत फी नाही, सरकारी दवाखान्यात पैसे नाहीत, म्हाताऱ्यांना पेन्शन आहे. काम गेलं तरी बाईच्या पायाखाली एवढी तरी जमीन राहिली. ही जमीन आपल्या पायाखाली आहे काय?

माझा बाप 18 जानेवारी 1982 ला संपावर गेला तो पुन्हा साच्यावर चढलाच नाही. त्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. गिरण्यांच्या जागांवर पुढं मॉल आणि कचेऱ्या उभ्या राहिल्या. माझी धाकटी बहीण एका दुकानात नोकरी मागायला गेली. बारावी पास, हिशेबाला पक्की. साहेब म्हणाला, इंग्रजीत चार वाक्यं बोल. पोर अडखळली. संपलं! त्या दुकानात गिऱ्हाईक कोण? निम्मी आपलीच मराठी माणसं!

गिरणीत आपण हात विकले. सेवेच्या धंद्यात माणूस जीभ विकतो. मग आपली जीभ जिथं कवडीमोल, तिथं आपण झाडू मारायला आणि गेटावर उभं राहायला! म्हणून भाषेचा प्रश्न पंडितांचा नाही, तो पगाराचा प्रश्न आहे.

कुणी म्हणेल, मग इंग्रजी शिका. शिकूच! पण आईच्या भाषेतून समजावून शिकवा, आणि गिरणी चालू असताना, भरपगारी वेळेत शिकवा. टाळं लागल्यावर नव्हे.

आपली मागणी तीन बोटांवर मोजा. गिरणी बंद करायच्या आधी कामगाराला नव्या कामाचं शिक्षण, तेही मराठीतून. जिथं गिऱ्हाईक मराठी, तिथं मराठी येणाऱ्याला नोकरीची पहिली हाक. आणि मॉल, हॉटेल, फोनच्या कचेरीत युनियनची पावती. तिथंही आपलीच पोरं आहेत, बारा-बारा तास उभी, तोंड मिटून.

त्यांना जाऊन भेटा. आज रात्रपाळी नसेल त्यानं आजच जावं.

कामगार एकजुटीचा विजय असो!