रमाबाईंची मुक्ती



परदेशातल्या आपल्या मंडळांच्या कार्यक्रमांत आनंदीबाई जोशी कुठे ना कुठे भेटतातच. मार्च १८८६ मध्ये त्यांच्या पदवीदानाला फिलाडेल्फियात मुद्दाम हजर राहिलेल्या त्यांच्या नात्यातल्या पंडिता रमाबाई मात्र क्वचितच. कारण उघड आहे. बाई 'बाटल्या'! मी मराठी ख्रिस्ती घरातला, त्यामुळे दुसरी बाजूही पाहिलीय. चर्चमध्ये रमाबाईंचं नाव आदराने घेतात, पण गोष्ट २९ सप्टेंबर १८८३ ला, म्हणजे बाप्तिस्म्याच्या दिवशी आटोपते. खरी गोष्ट तर त्यानंतरची आहे.

आधीचं थोडक्यात सांगतो. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून बायकोला आणि मुलीला संस्कृत शिकवलं. कुटुंब तीर्थयात्रा करत देशभर पायी फिरलं. होतं नव्हतं ते दानधर्मात गेलं आणि १८७० च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील, बहीण उपासमारीने गेले. १८७८ मध्ये कलकत्त्याने 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. १८८० मध्ये लग्न, १८८२ मध्ये वैधव्य, पदरात छोटी मनोरमा. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर व्हायला, पण ऐकू कमी येत असल्याने तो बेत सोडावा लागला.

वाँटेजच्या ज्या सिस्टर्सकडे त्या राहत होत्या, त्यांचं लंडनमध्ये फुलम इथे एक आश्रयगृह होतं. समाजाने 'वाया गेलेल्या' ठरवलेल्या बायकांची तिथे मायेने देखभाल होत होती. अशा बायकांसाठी काही करायचं असतं, हेच रमाबाई आयुष्यात प्रथम पाहत होत्या. हे का करता, असं त्यांनी विचारलं. उत्तरादाखल योहानाच्या शुभवर्तमानातली, चौथ्या अध्यायातली शोमरोनी स्त्रीची गोष्ट त्यांना सांगण्यात आली. येशू विहिरीवर तिच्याकडे पाणी मागतो आणि धर्मातल्या सगळ्यात मोठ्या गोष्टी तिच्याशी बोलतो. रमाबाईंच्या मनाने तिथे कौल दिला.

पण बाप्तिस्मा घेतला म्हणजे मान तुकवली असं नव्हे. गुरुस्थानी असलेल्या सिस्टर जेराल्डिनशी त्यांचा पत्रांतून झालेला वाद जरूर वाचा. क्रुसावर लॅटिन अक्षरं कशाला, मला नि माझ्या देशातल्या बायकांना ती कळत नाहीत, संस्कृत का नकोत? पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायला बिशपांनी हरकत घेतली, तर ती का मानायची? त्रैक्याचा सिद्धांत पटल्याशिवाय कबूल का करायचा? एका पुरोहितवर्गाचं जोखड आत्ताच उतरवलंय, दुसरं चढवणार नाही, असं त्यांनी साफ कळवलं. आणि हो, बाई शाकाहारीच राहिल्या.

शेवटी त्यांना समाधान मिळालं ते बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी. १९०७ च्या आत्मकथनात त्या सांगतात की तोवर आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. एवढी वर्षं न पटलेलं पटलंय असं म्हणायचं नाही आणि शोधही सोडायचा नाही, हा प्रामाणिकपणा मला फार मोठा वाटतो.

ही शांतता त्यांना घरात बसून उपभोगता आली नाही. १८८९ मध्ये मुंबईत काढलेलं शारदा सदन पुढे पुण्याला आलं. तिथे मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात यावरून वादळ उठलं आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकरांसारखे पाठीराखे सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पुढे १८९६-९७ चा दुष्काळ पडला. स्वतः उपासमार भोगलेली ही बाई मध्य प्रांतात जाऊन शेकडो मुली घेऊन आली. पुण्याजवळ केडगावला वस्ती उभी राहिली, तिचं नाव मुक्ती. विणकाम, शेती, छापखाना, अंध मुलींसाठी ब्रेल, सगळं तिथे होतं. ज्यांना कुठेच थारा नव्हता त्यांच्यासाठी कृपासदन होतं. फुलमला पाहिलेलं ते हेच! आजही संस्थेचं काम चालू आहे.

श्रद्धेने बरं होणं म्हणजे काय, यावर आपल्याकडे चमत्काराच्या गोष्टीच जास्त ऐकू येतात. रमाबाईंचे कान बरे झाले नाहीत. १९२१ मध्ये मनोरमा गेली. तरी हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातल्या बाईलाही कळेल अशा मराठीत चालवलेलं बायबलचं भाषांतर त्यांनी पुरं केलं आणि ५ एप्रिल १९२२ रोजी डोळे मिटले. माझ्या मते बरी झाली ती आतली भीती: देवाची, पुरोहिताची, लोकांच्या जिभेची. ती गेल्यावर जे हात मोकळे झाले, ते त्यांनी दुसऱ्यांसाठी वापरले.

त्यांचा विश्वास तुम्हाला पटो न पटो, बाई आपली आहे. पुढच्या ८ मार्चच्या कार्यक्रमात आनंदीबाईंच्या शेजारी त्यांनाही एक खुर्ची द्या, एवढंच म्हणणं.