नायकाचा शोक व संघाचे कर्तव्य

मातापित्यांचा वियोग हा मनुष्यमात्राच्या वाट्यास केव्हा ना केव्हा येणारा प्रसंग होय. परंतु तो कोणास वेळ विचारून येत नाही. परीक्षेचा काळ, पेरणीचा हंगाम, सामन्याचा दिवस, कशाचीही त्यास पर्वा नसते. ज्याच्या शिरावर केवळ स्वतःचा भार आहे त्याने अशा समयी काय करावे, हा एक प्रश्न. आणि ज्याच्या तोंडाकडे दहा-बारा खेळाडू पाहत बसले आहेत अशा नायकाने किंवा प्रशिक्षकाने काय करावे, हा त्याहून बिकट प्रश्न. प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

या विषयी लोकांचे मत बहुधा ठरलेले असते. डोळे पुसून कामास लागणारा तो शूर, आणि घरी बसून रडणारा तो दुबळा, असा न्याय आपण चटकन देऊन मोकळे होतो. दरवर्षी दहावीच्या परीक्षेचे दिवस आले की, पित्याचे निधन झाले असतानाही अमुक मुलीने प्रश्नपत्रिका सोडविली, अशा बातम्या वर्तमानपत्रांतून झळकतात, आणि आईबाप त्या आपल्या मुलांस कौतुकाने वाचून दाखवितात. त्या मुलीचे धैर्य खरोखर वाखाणण्याजोगे आहे यात शंका नाही. परंतु जिला त्या दिवशी लेखणी उचलवली नाही, ती कमी प्रतीची ठरते काय? आमचे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. शोकानंतरचे कर्तव्य तेव्हाच भूषणास्पद होते, जेव्हा ते न करण्याची मोकळीक त्या दुःखी जिवास खरोखर असते. आणि ती मोकळीक देणे हे त्याच्या भोवतालच्या माणसांचे कर्तव्य आहे.

या मताच्या पुष्ट्यर्थ आपल्या महाराष्ट्रातीलच एक उदाहरण घेऊ. १९९९ साली इंग्लंडमध्ये क्रिकेटच्या विश्वचषकाचे सामने चालू असता सचिन तेंडुलकर यांचे वडील, मराठीचे प्राध्यापक व कवी रमेश तेंडुलकर, यांचे मुंबईत निधन झाले. पुत्र तत्काळ मायदेशी परतला. १९ मे रोजी लेस्टर येथे झिंबाब्वेविरुद्धचा सामना त्याच्यावाचून खेळला गेला आणि भारताचा संघ अवघ्या ३ धावांनी हरला. पुढे आईनेच त्यास परत जाण्यास सांगितले. कारण वडिलांची इच्छा तीच असती, असे त्या माउलीस वाटले. २३ मे रोजी ब्रिस्टल येथे केनियाविरुद्ध त्याने नाबाद १४० धावा काढल्या आणि शतक पूर्ण होताच आकाशाकडे दृष्टी लावली. ते दृश्य पाहून देशातील असंख्य लोकांचे डोळे पाणावले.

ही कथा सांगताना आपण ब्रिस्टलचे शतक तेवढे सांगतो आणि लेस्टरची हार गाळून टाकतो. वास्तविक बोध त्या हारीतच अधिक आहे. त्या ३ धावांची किंमत लहान नव्हती. पुढच्या फेरीत पूर्वीच्या सामन्यांतील गुण धरण्याची रीत असल्यामुळे भारतास तेथे शून्य गुणांनी प्रवेश करावा लागला, व अखेर उपान्त्य फेरीपूर्वीच परतावे लागले. इतकी किंमत मोजावी लागूनही, पुत्राने पित्याच्या अंत्यदर्शनास जावयास नको होते, असे कोणी विचारी मनुष्य म्हणेल काय? सामना हरला तरी पुढचा सामना येतो; पित्यास निरोप देण्याची घटिका पुन्हा येत नाही. आधी त्यास जाऊ दिले, मग त्यास येऊ दिले. आणि येण्याचा शब्द मैदानावरून निघाला नाही, तो घरातून निघाला. म्हणूनच ते शतक इतके निर्मळ वाटते.

दुसरे उदाहरण आपल्या शिर्डीच्या अगदी शेजारचे म्हणावयास हरकत नाही. कारण त्यातील नायक संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्द येथे १९८८ साली जन्मला. अजिंक्य रहाणे यांचे नाव आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातील मुलांस सांगावयास नको. २०२० सालच्या अखेरीस भारताचा संघ ऑस्ट्रेलियात गेला असता, त्यातील महंमद सिराज या तरुण गोलंदाजाचे वडील हैदराबाद येथे २० नोव्हेंबर रोजी निवर्तले. ते रिक्षा चालवून संसार करीत आणि मुलाने देशासाठी खेळावे हाच त्यांचा ध्यास होता. साथीच्या रोगामुळे संघ त्या वेळी विलगीकरणात होता. घरी जाण्याची मोकळीक सिराज यास देण्यात आली; आईशी बोलून त्याने राहण्याचे ठरविले.

पुढे ॲडलेड येथे संघाचा डाव ३६ धावांत संपून मानहानी झाली, कर्णधार विराट कोहली आपल्या अपत्याच्या जन्मासाठी मायदेशी परतले, आणि उरलेल्या तीन सामन्यांचे नेतृत्व रहाणे यांच्याकडे आले. मेलबर्न येथे सिराज याने कसोटीत पदार्पण केले व दोन्ही डावांत मिळून ५ गडी टिपले. रहाणे यांनी ११२ धावा काढल्या आणि सामना जिंकला. सिडनी येथे राष्ट्रगीत चालू असता सिराजचे अश्रू साऱ्या जगाने पाहिले. त्याच सामन्यात प्रेक्षकांपैकी काहींनी त्यास अपशब्द वापरले, तेव्हा रहाणे यांनी खेळ थांबवून पंचांकडे दाद मागितली. दुखापतींमुळे एकामागून एक गोलंदाज गळत जाऊन ब्रिस्बेनच्या शेवटच्या सामन्यात अवघ्या दोन कसोटींचा अनुभव असलेला हा पितृहीन मुलगाच वेगवान गोलंदाजांत सर्वांत जुना ठरला, आणि मार्गदर्शनाचा भार त्याच्याच खांद्यावर येऊन पडला. दुसऱ्या डावात ७३ धावांत ५ गडी बाद करून त्याने तो पेलला. १९ जानेवारी २०२१ रोजी भारताने सामना व मालिका जिंकली. मायदेशी उतरल्यावर सिराज विमानतळावरून थेट पित्याच्या कबरीपाशी गेला.

एक जण घरी गेला, दुसरा राहिला. दोघांचे निर्णय परस्परविरुद्ध, तरीही दोन्ही योग्य. कारण निर्णय ज्याचा त्याने केला. एकाचा मार्ग दुसऱ्यास नियम म्हणून लावणे हा अन्याय होईल. कित्येकांस कामातच विसावा मिळतो. अशांस, अरे, आता तू घरीच बस, म्हणून अडविणे हेही तितकेच निष्ठुरपणाचे आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. खेळाडू दुःखी झाला तर त्यास रजा देण्यास नायक असतो. पण नायकच, प्रशिक्षकच दुःखी झाला तर त्यास रजा कोणी द्यावी? तो स्वतः तर मागणार नाही. आपल्यावाचून मुलांचे कसे होईल, ही चिंता त्यास घरी स्वस्थ बसू देत नाही. आणि मैदानावर आला की घरची आठवण उभे राहू देत नाही. बास्केटबॉलसारख्या खेळात तर प्रशिक्षकाची उणीव क्षणोक्षणी भासते. पाच गडी मैदानात धावत असतात. कोणास बाहेर घ्यावे, कोणास आत पाठवावे, खेळ थोडा वेळ केव्हा थांबवावा, हे सारे बाजूस उभ्या असलेल्या त्या एका मनुष्याने ठरवावयाचे असते.

परंतु याच खेळाच्या नियमांत आमच्या मते प्रश्नाचे उत्तरही आहे. फुटबॉलच्या सामन्यात बाहेर घेतलेला गडी बहुधा परत येऊ शकत नाही. बास्केटबॉलमध्ये तसे नाही. दमलेला गडी बाहेर बसतो, दुसरा त्याची जागा घेतो, आणि दम खाऊन पहिला पुन्हा आत येतो. यात कोणी कमीपणा मानीत नाही. हा न्याय प्रशिक्षकास का लागू नसावा? २०२५ सालच्या फेब्रुवारीत भारतीय क्रिकेट संघाचे गोलंदाजीचे प्रशिक्षक मॉर्ने मॉर्केल हे वडिलांच्या निधनामुळे दुबईहून दक्षिण आफ्रिकेस गेले आणि पुढे पुन्हा संघास येऊन मिळाले. त्या संघाने ९ मार्च रोजी चषक जिंकला. मार्गदर्शक काही दिवस दूर गेला म्हणून संघ मोडला नाही. किंबहुना ज्या संघास नायकावाचून चार दिवस चालता येत नाही, त्यास नायकाने अद्याप पुरते शिकविलेले नाही, असेच म्हटले पाहिजे.

बास्केटबॉलचे जनक जेम्स नेस्मिथ यांची हकीकतही येथे लक्षात घेण्याजोगी आहे. १८७० साली, ते बालवयात असतानाच, त्यांचे आईवडील दोघेही विषमज्वराने गेले. नातलगांनी त्यांचा सांभाळ केला. पुढे १८९१ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे त्यांनी हा खेळ सुरू केला व कालांतराने कान्सास विद्यापीठातील संघाचे ते पहिले प्रशिक्षक झाले. त्या पोरक्या मुलाचा भार इतरांनी उचलला नसता, तर पुढचे काय झाले असते, याचा वाचकांनीच विचार करावा.

आपल्या गावगाड्यातील जुन्या चालीतही हेच शहाणपण भरलेले आहे. ज्या घरी मृत्यू होतो तेथील चूल त्या दिवशी पेटत नाही. शेजारीपाजारी भाकरी-पिठले घेऊन येतात आणि दुःखितांस आग्रहाने कडू घास घ्यावयास लावतात. पुढचे दिवस येणारे-जाणारे जवळ बसतात. कित्येक वेळा कोणी काही बोलतही नाही. पद्धती धर्माधर्मांत निरनिराळ्या, पण तत्त्व एकच: दुःखी माणसाने आधी दुःखी व्हावे, आणि तेवढा वेळ त्याचे काम इतरांनी पाहावे. शेतकऱ्याच्या घरी असा प्रसंग आला तर भावकीतील माणसे त्याच्या उभ्या पिकास पाणी देतात. मग मैदानावरच्या मंडळींनी मागे का राहावे?

तेव्हा, विद्यार्थी मित्रहो, आपल्या क्रीडाशिक्षकांवर असा प्रसंग ओढवला तर काय करावे, ते थोडक्यात सांगतो. कर्णधाराने सराव ठरल्या वेळी सुरू करावा व वडील खेळाडूंनी लहानांस सांभाळावे. शिक्षकांच्या घरी जावे, जवळ बसावे, उपदेश करू नये. “सर, आपण येणार ना?” असे विचारू नये, “आम्ही सराव चालू ठेवला आहे, आपण सवडीने यावे,” असे सांगावे. ते परत आले की कुजबूज न करता नित्याप्रमाणे रांगेत उभे राहावे. आणि बोलता बोलता त्यांचा कंठ दाटून आला तर मान खाली घालून क्षणभर थांबावे. शिक्षकाचे अश्रू पाहणे हे लज्जास्पद नव्हे. आणखी एक गोष्ट: हा सामना त्यांच्यासाठी जिंकलाच पाहिजे, असे ओझे एकमेकांवर लादू नये. जिंकलो तर आनंद आहे. हरलो तर त्यांच्या दुःखात आपल्या हारीने भर पडली, असे मुळीच समजू नये.

पालकवर्गासही एक विनंती आहे. परीक्षा किंवा सामना संपेपर्यंत घरातील मृत्यूची वार्ता मुलापासून लपवून ठेवण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आढळते. हेतू चांगला असतो. परंतु मुलास निवड करण्याचा हक्कच त्यामुळे हिरावला जातो. गुण पुढच्या वर्षीही मिळतील. आजीचे वा बापाचे मुख पुन्हा दिसणार नाही, आणि आपणास फसविले गेले ही टोचणी मुलाच्या मनातून पुष्कळ वर्षे जात नाही. त्यास खरे सांगावे, जवळ घ्यावे, आणि मग तो जे ठरवील त्यास पाठबळ द्यावे.

शिर्डी हे असे गाव आहे की, येथे दररोज हजारो माणसे आपापले दुःख घेऊन येतात. त्यांपैकी कोणासही येथील लोक, तू रडतोस का, असे विचारीत नाहीत. परक्यांस आपण जी सवलत देतो ती आपल्या शिक्षकांस, आपल्या सवंगड्यांस आणि आपल्या लेकरांस द्यावी, एवढेच आमचे मागणे आहे.