‘अध्ययन अक्षम’ हा शिक्का कोणी मारला आणि काय तपासून मारला?

आम्ही अध्ययन अक्षम आहोत, असे सांगणारा एक कागद आमच्या घरात वीस वर्षे पडून होता. वडील गेल्यावर त्यांची पत्र्याची पेटी उघडली. रेशनकार्ड, जातीचा दाखला, बाबासाहेबांचा एक जुना फोटो आणि त्याखाली चार घड्या घातलेला हा कागद. साल १९९९. दीड पान, इंग्रजीत टाइप केलेले. मूल वाचन-लेखनात वयाच्या मानाने मागे, विशिष्ट अध्ययन अक्षमता, विशेष वर्गाची शिफारस. खाली सही-शिक्का.

वडील चौथी शिकलेले, त्यांना इंग्रजी येत नव्हते. शाळेतल्या कुणीतरी त्यांना कागदाचा अर्थ सांगितला, “पोराच्या डोक्याचा प्रॉब्लेम आहे.” तेवढेच त्यांनी घरी आणले. आम्हाला त्या शाळेतून काढले आणि महापालिकेच्या शाळेत घातले. पुढे आम्ही विज्ञान शाखेचा अर्ज भरला नाही. एमपीएससीचा भरला, पण परीक्षेच्या दिवशी केंद्रावर गेलो नाही. समाजशास्त्रात एमए झालो तेव्हाही मनात हेच होते की आर्ट्स म्हणून निभावले.

आता समाजशास्त्र शिकलेल्या डोळ्यांनी तोच कागद पुन्हा वाचला. त्यात काय लिहिले आहे यापेक्षा काय लिहिलेले नाही, ते जास्त बोलके आहे.

आमचे आई-वडील बीड जिल्ह्यातले ऊसतोड कामगार. दसरा झाला की मुकादमाची उचल फेडायला टोळी निघायची आणि तिच्याबरोबर आम्हीही. पहिली-दुसरीची दोन्ही वर्षे दिवाळीनंतरची शाळा आम्ही पाहिलीच नाही. फडावर पाचट गोळा केले, कोपीत धाकट्या बहिणीला सांभाळले. वडिलांना पुण्यात हमालीचे काम मिळाले तेव्हा कुठे शाळा सलग सुरू झाली, आणि पोरगा साहेब व्हावा म्हणून त्यांनी थेट इंग्रजी माध्यमात घातले. दीड वर्षाने चाचणी झाली. तीही इंग्रजीत! घरी आम्ही ‘व्हय’ आणि ‘न्हाई’ बोलत होतो. आणखी एक गोष्ट. आम्ही शेवटच्या बाकावर बसायचो आणि तिथून फळा दिसायचा नाही. सातवीत नेत्र तपासणी शिबिरात चष्मा लागला. कागदावर यातले काहीच नाही. मूल किती दिवस शाळेत होते, घरी कोणती भाषा बोलते, त्याला दिसते का, ऐकू येते का, या रकान्यांना जागाच नाही.

हे रकाने आमच्या मनातून आलेले नाहीत. अध्ययन अक्षमतेची व्याख्याच सांगते की दृष्टिदोष, श्रवणदोष, शिक्षणाचा अभाव, अध्यापनाच्या भाषेची अनोळख किंवा वंचित परिस्थिती यामुळे मूल मागे असेल, तर त्याला हे निदान लावता येत नाही. जगभरचे मानसोपचारतज्ज्ञ वापरतात त्या डीएसएम-५ मध्येही (२०१३) हीच अट आहे. मग ऊसतोड्याच्या पोराला हे निदान देण्याआधी फडाचा हिशोब कोणी करायचा होता?

हा प्रश्न फक्त आमचा नाही. १९७१ साली लंडनमध्ये बर्नार्ड कोर्ड या ग्रेनाडाच्या शिक्षकाने एक पुस्तिका लिहून दाखवून दिले की वेस्ट इंडियन मुलांना ‘मंद’ ठरवून वेगळ्या शाळांत ढकलले जात आहे, आणि ठरवणारी चाचणी गोऱ्या मध्यमवर्गीय मुलाच्या भाषेत व अनुभवात बेतलेली आहे. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात कृष्णवर्णीय पालक कोर्टात गेले. ‘लॅरी पी. विरुद्ध राइल्स’ या खटल्यात १९७९ साली न्यायाधीश पेकहॅम यांनी कृष्णवर्णीय मुलांना मतिमंदांच्या वर्गात टाकण्यासाठी बुद्ध्यांक चाचणी वापरायला मनाई केली. आपल्याकडे वर्षानुवर्षे वापरली गेलेली मॅलिनची चाचणी नागपुरात तयार झाली खरी, पण तीही अमेरिकेच्या वेक्सलर चाचणीचेच भारतीय रूप. तिकडचे पालक कोर्टात गेले. इकडे आमच्या वडिलांनी कागदाच्या चार घड्या घातल्या.

आता आपल्याच काही कार्यकर्त्यांना सांगायचे आहे. हे सगळे मनुवादी मानसशास्त्र, डिस्लेक्सिया वगैरे थोतांड, असे ते म्हणतात. आम्हाला हे मान्य नाही. डिस्लेक्सिया खरा आहे, आणि वस्तीतल्या मुलांनाही तो होतो. फरक नावात पडतो. २००७ साली ‘तारे जमीन पर’ आला तेव्हा मध्यमवर्ग थिएटरात रडला, आणि चांगले झाले. पण इशानला समजून घेणारा शिक्षक भेटला. त्याच अडचणीचे आमच्या वस्तीतले पोर ‘ढ’ ठरते आणि आठवीनंतर गॅरेजवर जाते. ज्यांच्याकडे फी आणि ओळख आहे त्यांची मुले प्रमाणपत्र आणतात, दहावीला जादा वेळ आणि लेखनिक घेतात. त्यांनी घेऊ नये असे आम्ही म्हणत नाही. आमचे म्हणणे एवढेच की ज्याला अक्षमता आहे त्या आमच्या पोराला कागद मिळत नाही, आणि ज्याला फक्त शाळा मिळाली नाही त्याच्या हातात अक्षमतेचा कागद येतो. दोन्हीकडे नुकसान आमचेच.

गेल्या वर्षी आम्ही पुन्हा चाचणी करून घेतली, या वेळी मराठीत. दोन बैठका झाल्या. मानसशास्त्रज्ञ बाई प्रामाणिक होत्या. त्या म्हणाल्या, “आकलन उत्तम आहे, वाचनाचा वेग कमी आहे. लहानपणी खरोखर काय होते, ते आज सिद्धही करता येणार नाही आणि खोडताही येणार नाही.” आम्हाला खोडून हवे होते, हे कबूल करतो. बाहेर येऊन बराच वेळ स्टँडवर बसून राहिलो. ऱ्हस्व-दीर्घ आमचे आजही चुकते, आणि हा लेख एका मैत्रिणीने तपासून दिला आहे. तेव्हा आम्ही अक्षम नव्हतोच, असा दावा आम्ही करत नाही. न तपासता तसे ठरवायचा अधिकार कोणी दिला, हे विचारतो आहोत.

आज कायदा बदलला आहे. १९९५ च्या कायद्यात ही अक्षमता नव्हती, २०१६ च्या कायद्यात आहे. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार आठ वर्षांआधी प्रमाणपत्र देता येत नव्हते, चौदाव्या आणि अठराव्या वर्षी फेरतपासणी करावी लागत होती, आणि अठराव्या वर्षीचेच प्रमाणपत्र आयुष्यभर चालत होते. म्हणजे लहानपणीचा निष्कर्ष अंतिम नाही, हे सरकारलाही मान्य आहे. वस्तीत हे कोणाला माहीत आहे? फेरतपासणीचा हक्क आहे हेच माहीत नसलेला बाप काय करणार? तो कागद पेटीत ठेवणार.

म्हणून विहारांत अभ्यासवर्ग चालवणाऱ्या साथींना विनंती आहे. पोराच्या नावाचा असा अहवाल समोर आला तर आधी तो पालकांना मराठीत वाचून दाखवा. चाचणी कोणत्या भाषेत झाली ते विचारा. हजेरीपट मागा. पुढच्या तपासणीची तारीख लेखी घ्या. आणि निदान खरे निघाले तर लाजू नका, सवलत भांडून घ्या, तो हक्क आहे.

एप्रिलमध्ये कारखान्यावरून परतलेली एक ताई आमच्या वर्गात आली. हातात तसाच इंग्रजी कागद, पोरगा तिसरीत. “दादा, ह्यात काय लिव्हलंय?” आम्ही वाचून दाखवले, मग विचारले, “ताई, ह्याचे डोळे तपासलेत का?” तपासले नव्हते. सोमवारी सकाळी नऊला सरकारी दवाखान्यात नेत आहोत. ताईंना रोजंदारी बुडवता येणार नाही, त्यामुळे आमच्यातले दोघे सोबत जातील.