काळे पाणी आणि आमचे सोवळे

गेल्या महिन्यात आमच्या शनिवार पेठेतील एका वाड्यात अंदमानच्या बंदिवासावर व्याख्यान झाले. व्याख्याते तयारीचे होते, श्रोतृसमुदाय मोठा होता, आणि सावरकर बंधूंच्या कोलूची हकीकत ऐकताना पुष्कळांचे डोळे पाणावले. शेवटी एका तरुणाने विचारले की, ज्यांची नावे कोणी घेत नाही, त्या सामान्य मराठी कैद्यांचे तेथे काय झाले? त्यावर अध्यक्षस्थानी असलेल्या वृद्ध गृहस्थांनी, ‘चोर-दरोडेखोरांचे पोवाडे गाण्यास आपण येथे जमलो नाही,’ असे उत्तर दिले व सभेत हशा पिकला. त्या हशाचा आम्हांस विषाद वाटला. अध्यक्षांच्या वयाचा मान राखूनही त्याचा समाचार घेणे आम्हांस प्राप्त आहे.

राजबंदींचे श्रेय तिळमात्र कमी करण्याचा आमचा हेतू नाही. गणेशपंत सावरकरांस १९०९ साली जन्मठेप झाली. विनायकराव १९११ च्या जुलैत अंदमानात उतरले. दिवसाकाठी तीस पौंड खोबरेल गाळण्याची सक्ती, काथ्याकूट, हात वर अडकवून तासन्‌तास उभे करण्याची शिक्षा, हे सर्व त्यांच्यासारख्यांनी भोगले व लिहून ठेवले, म्हणूनच आपणांस ते कळले. परंतु अंदमानची वसाहत १८५८ सालची आहे. ज्या कारागृहाच्या कोठड्या दाखविताना आपला कंठ दाटून येतो, त्याचे बांधकाम १८९६ ते १९०६ या काळात झाले, आणि ते कैद्यांच्याच हातांनी झाले. ज्यांच्या नावाने आमची सभा हसली, त्यांनीच त्या भिंती रचल्या!

‘गुन्हा केला, शिक्षा भोगली, त्यात रडण्यासारखे काय?’ असा आक्षेप येईल. आमचे उत्तर असे की, ही शिक्षा न्यायासाठी जेवढी होती, त्याहून अधिक ती मजुरीसाठी होती. मॉरिशसमध्ये रस्ते हवे होते, तेव्हा १८१५ पासून १८३७ पर्यंत बंगाल व मुंबई इलाख्यांतून सुमारे दीड हजार बंदिवान तेथे धाडण्यात आले. १८३६ साली डार्विन त्या बेटावर उतरला, तेव्हा असे आठशे लोक सरकारी कामावर होते. खुनाखेरीज केवळ इंग्रजी कायदे न मानल्याबद्दलही काहींस हद्दपारी झाली होती, असे त्याने नमूद केले आहे. पुढे सिंगापुरातील सेंट अँड्र्यूज हे मोठे देवालयही हिंदी कैद्यांनीच उभारले. अंदमानचे अरण्य तोडावयाचे होते, म्हणून १० मार्च १८५८ रोजी दोनशे बंदिवानांची पहिली तुकडी डॉक्टर वॉकरच्या हाताखाली तेथे उतरली. जे रानात पळाले, त्यांतील कित्येक तेथील मूळ रहिवाशांच्या बाणांस बळी पडले; आणि जे पुन्हा सापडले, त्यांतील ऐंशीहून अधिक लोकांस वॉकरने फाशी दिले. हा न्याय की कंत्राटदारी, हे वाचकांनीच ठरवावे.

आणि दरोडेखोर म्हणजे तरी कोण? आमच्या पेठेतून मुठेच्या काठाने खाली गेले म्हणजे संगम लागतो. तेथील न्यायालयात १८७९ साली वासुदेव बळवंत फडक्यांचा खटला चालला आणि सार्वजनिक काकांनी त्यांची बाजू मांडली. सरकारच्या लेखी फडकेही दरोडेखोरच होते. त्यांस जन्मठेप देऊन एडनला नेले. १८८० साली दाराच्या बिजागऱ्या उखडून ते निसटले, पुन्हा पकडले गेले, आणि १७ फेब्रुवारी १८८३ रोजी तेथेच निवर्तले. त्यांच्याबरोबर लढलेले बहुतेक जण रामोशी होते. १८७५ साली सुप्याचे शेतकरी सावकारांवर उठले; पाठोपाठ १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आला. त्या दिवसांत भुकेने धान्य लुटणारास आणि देशासाठी शस्त्र धरणारास कायद्याचा शिक्का एकच होता. फडक्यांच्या कपाळावरील तो शिक्का आपण पुसला, हे योग्यच झाले. मग रामोशाच्या कपाळावरील शिक्का तेवढा खरा कसा? काळ्या पाण्यावर गेलेल्यांत खरे खुनी, खरे क्रूर लोकही होते, हे आम्ही नाकारीत नाही. पण छाननी न करता सर्वांस हसणे हा इतिहास नव्हे. तो इंग्रज न्यायाधीशाचा निकाल कायम करणे होय.

याहून कडू गोष्ट आता सांगावयाची आहे. समुद्र ओलांडला की जात गेली, ही आमची समजूत सरकारला पुरती ठाऊक होती, आणि हद्दपारीच्या धाकात तिची गणना होती. बेडी सरकारची होती. तिला धार आमची होती. परतलेल्यास पंक्तीतून उठविणारे, त्याच्या बायकोस नवरा जिवंत असता विधवा लेखणारे हात गोऱ्यांचे नव्हते. सिंधुबंदीस हिंदू समाजाच्या सात स्वदेशी बेड्यांत गणणारे सावरकरच होते. त्यांच्या नावाने टाळ्या वाजवून त्याच सभेत ते सोवळे पुन्हा नेसणे, यास काय म्हणावे?

ऑस्ट्रेलियाकडे पाहा. १७८८ पासून १८६८ पर्यंत ब्रिटनने तेथे एक लाख साठ हजारांवर कैदी पाठविले. नॉरफोक बेटावर त्यांच्या पाठी चाबकाने सोलल्या गेल्या. त्यांच्या नातवंडांनी तो कलंक पुष्कळ वर्षे लपविला. आज तीच मंडळी जुनी दप्तरे चाळून आपला कैदी पूर्वज शोधतात, आणि २०१० साली तेथील अकरा बंदिस्थाने जागतिक वारसा म्हणून मान्य झाली. गोऱ्या कैद्याला पुढे जमीन व राज्य मिळाले, म्हणून त्याला अभिमान परवडतो, असे कोणी म्हणेल. ते खरे आहे. पण अंदमानातही दीर्घ शिक्षेनंतर काही कैद्यांस शेती व संसार करण्याची परवानगी मिळे. त्यांचे वंशज ‘लोकल बॉर्न’ या नावाने आजही पोर्ट ब्लेअरला आहेत आणि हिंदुस्थानी बोलतात. त्यांतील कोणाचा पणजा पुण्याचा, कोणाचा साताऱ्याचा, हे विचारण्यास येथून कोण गेले?

आमच्या घराघरांत कुलवृत्तांत आहेत. त्यांत कोण मामलेदार झाला, कोण मुन्सफ झाला, हे बारकाईने नोंदलेले असते. एखाद्याच्या नावापुढे मात्र ‘परागंदा’ एवढाच शब्द असतो. तो कोठे गेला, याचा शोध करावा. ज्यांस कुलवृत्तांत छापविण्याची ऐपत कधीच नव्हती, त्यांची नावे सरकारी दप्तरांतून संशोधकांनी काढावीत. त्या तरुणाचा प्रश्न सभेने हसण्यावारी नेला. निदान आमच्या वाचकांनी तरी तो तसा नेऊ नये.